गाडीला दम लागतो

कार्बोरेटर कसा चालतो हे ज्याला पुस्तकातून कळलेलं आहे, त्याच्या हाती पाना देऊ नये. ज्याला काहीच कळत नाही तो निमूटपणे गॅरेजमध्ये जातो, पैसे मोजतो आणि गाडी घेऊन घरी येतो. ज्याला खरोखर कळतं तो स्वतःच मेस्त्री असतो. मधे उरतो आम्ही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजांना बारमाही काम मिळतं त्यात आमचा वाटा मोठा आहे, पण त्याची नोंद कुठे होत नाही.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. बर्नोलीचं तत्त्व आलं की मी फळ्यावर न चुकता कार्बोरेटर काढायचो. मधेच कंबर आवळलेली एक नळी. त्या कमरेतून हवा वेगाने जाते, वेग वाढला की दाब घटतो, आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल त्या कमी दाबाकडे ओढलं जाऊन तुषार होऊन उडतं. डॅनियल बर्नोलीने हे १७३८ साली मांडलं. व्हेंचुरी या इटालियन गृहस्थाने त्याच शतकाच्या अखेरीस नळ्यांच्या कमरा आवळून पाहिल्या. मग १८९३ मध्ये बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या जोडीने कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. तोंडाने फुंकर मारून फुलांवर पाणी उडवणारी एक फुलवाली रस्त्यात दिसली आणि ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. ती मी इतकी रंगवायचो की फुलवाली आली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. पुढे कार्बोरेटर आला की पुन्हा खाली घालायची. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण पंधरा भाग हवा लागते, हे वाक्य मी नोकरीभर उच्चारलं. त्या काळात मी एकही कार्बोरेटर हातात धरलेला नव्हता, पण परीक्षेत त्याला गुण नसतात.

एवढं ज्ञान असलेल्या माणसाच्या दारात जुनी पद्मिनी उभी असेल आणि तिला दम लागत असेल, तर पुढे काय होणार ते सांगायला बर्नोली लागत नाही.

गाडी सासऱ्यांची. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११०० बनू लागली आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग. सासऱ्यांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून ती घेतली. गाडी हातात आली तेव्हा मारुती ८०० बाजारात उतरून काही महिने झाले होते, आणि हे दुःख त्यांनी शेवटपर्यंत कुणाला बोलून दाखवलं नाही. ते गेल्यावर वाटणीच्या वेळी सगळ्यांचं एकमत झालं की जावईबापूंना यंत्रातलं कळतं, तेव्हा गाडी त्यांना. मेहुण्याला यंत्रातलं काही कळत नाही. त्याला राजारामपुरीतला फ्लॅट मिळाला.

मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. पेपरांतून लोकांनी गहिवरून लिहिलं. मी ते सगळं वाचलं. पण आमच्या दारातल्या पद्मिनीचा त्या दिवशी सेल्फ लागत नव्हता, त्यामुळे गहिवरायला सवड झाली नाही.

गाडी घरी आल्यावर मी तिच्यात काही सुधारणा केल्या. सीटला कव्हरं शिवली. आरसा घट्ट केला. मागच्या काचेवर नातीने चिकटवलेली स्टिकरं खरवडली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं रबर वाळून तुकडे झालं होतं, वळणावर पेट्रोल हिंदकळून वास यायचा आणि सौभाग्यवतींचं डोकं दुखायचं. तिथे दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, चौपदरी घडी घालून झाकणाखाली बसवली. एकदम फिट. वास बंद. मग आरटीओत जाऊन नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, पर्यावरण कर भरला, आणि गाडीला हार घातला.

त्यानंतर गाडीला दम लागायला लागला.

म्हणजे कसं, तर सकाळी एका सेल्फला सुरू. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडेपर्यंत झकास. वडणगे फाट्यापर्यंत गुणगुणत. आणि पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीच्या आसपास तिला धाप लागायची. एक आचका, दुसरा आचका, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखी खोल आचका, आणि बंद. मग कितीही सेल्फ मारा, नुसतं घरघर. दहा मिनिटं उसाच्या कडेला उभं राहिलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. पुन्हा चार-सहा किलोमीटर. पुन्हा धाप. घरी फाटकात उभी करून तासभर इंजिन चालू ठेवलं तर मात्र एक ठसकाही नाही.

आणखी एक गंमत माझ्या लक्षात आली होती. टाकी फुल केली की गाडी लवकर बंद पडायची, अर्धी असली की बरंच लांब जायची. ही नोंद मी व्यवस्थित वहीत केली आणि तिच्यापुढे ‘पेट्रोलमध्ये भेसळ?’ असं लिहिलं. मग पंप बदलला. नव्या पंपावरचा पोरगा झाकण फिरवताना दचकून म्हणाला, ‘सर, टाकीत गॅस झालाय की!’ मी त्याला पेट्रोलच्या बाष्पीभवनाविषयी दोन शब्द सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि दुधाची पिशवी अदबीने परत केली. मी ती पुन्हा नीट घडी घालून बसवली.

रस्त्याकडेला बोनेट उघडणं म्हणजे कोल्हापुरात जाहीर सभेचं आमंत्रण. कुणी ओळखीचं असावं लागत नाही. मोटारसायकल थांबते, माणूस उतरतो, आधी इंजिनकडे आणि मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतो आणि म्हणतो, ‘आमच्याकडं पण हुती फियाट.’ महाराष्ट्रात जितक्या लोकांच्या वडिलांकडे फियाट होती तितक्या कुर्ल्याला कधी बनल्या असतील असं मला वाटत नाही. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर थांबले. त्यांनी ‘करंट बघितला का?’ म्हणून विचारलं, प्लगची वायर उपटून इंजिनपासून दोराभर अंतरावर धरली, मला सेल्फ मारायला लावलं, आणि हाताला झटका बसल्यावर समाधानाने म्हणाले, ‘करंट हाय.’ वायर परत बसवली. गाडी सुरू झाली. दुसऱ्या वेळी एका भल्या माणसाने ‘व्हेपर लॉक’ असं निदान केलं. उन्हात पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ पुढे ढकलली जात नाही, म्हणून पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं. शास्त्रदृष्ट्या बिनतोड. मी उसाच्या पाटात रुमाल भिजवला, पंपाला गुंडाळला, तो निवेपर्यंत थांबलो. गाडी सुरू झाली. त्यानंतर मी ओलं फडकं बांधूनच निघू लागलो. गाडी केर्लीला बंद पडली. फडकं पुन्हा भिजवलं. सुरू झाली. एका शेतकऱ्याने पंपावर पान्याची मूठ दोनदा आपटली. सुरू झाली. सौभाग्यवतींनी गाडीतूनच डोंगराकडे हात जोडून ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हटलं. तेव्हाही सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर इतर उपायांपेक्षा किंचित लवकर.

प्रयोगशाळेत मुलांना मी बजावायचो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि न बदलता काय होतं तेही एकदा बघा. केर्लीच्या रस्त्यावर हे मला एकदाही आठवलं नाही. प्रत्येक उपायाला यश येत होतं, मग शंका कशाची घ्यायची?

इथेनॉलचंही सांगायला हवं, कारण सध्या कुठल्याही जुन्या गाडीचं दुखणं तिथवर नेऊन सोडायची पद्धत आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर आलं. जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात, पंपाचा पडदा गळायला लागतो. यात खोटं काही नाही. शिवाय आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवणाऱ्यांत आघाडीवर, त्यामुळे ज्या उसाच्या कडेला मी उभा असायचो तोच ऊस माझ्या गाडीची रबरं खातोय, असा विचार करून मी त्याच्याकडे रागाने बघायचो. पंपाचा पडदा बदलला, नळ्या बदलल्या. पडदा गेलेला नव्हता. पण बदलला ते बरं झालं, असं सगळे म्हणाले.

शेवटी मी कार्बोरेटरवर आलो. येणारच होतो. इंजिनला पेट्रोल कमी पडतंय हे लक्षणांवरून उघड होतं, पेट्रोल कार्बोरेटरमधून जातं, तेव्हा जेटमध्ये कचरा असणार. तर्कात खोट नव्हती. लक्ष्मीपुरीतून पान्यांचा सेट आणला, यूट्यूबवर एका मल्याळी माणसाचा व्हिडिओ शोधला, ज्यात तो सोलेक्स कार्बोरेटर डोळे मिटून उघडतो, आणि एका रविवारी अंगणात सतरंजी अंथरली. ‘अहो, ते सगळं परत बसणार आहे ना?’ एवढंच विचारून सौभाग्यवती आत गेल्या.

कार्बोरेटर दोन नटांवर बसलेला असतो. पुढचा नट कुणीही खोलतो. मागचा नट जिथे आहे तिथे पाना जातो पण फिरत नाही, बोटं फिरतात पण जात नाहीत. मी तो दर वेळी फेऱ्याच्या एक-दशांश इतका फिरवत, मधेमधे चहा घेत, दुपारपर्यंत काढला आणि निघताक्षणी तो हातातून सुटला. न्यूटनच्या मते सुटलेली वस्तू खाली पडते. बोनेटखाली तसं होत नाही. तिथे पडलेला नट टण, टिण, टुक असे तीन आवाज करतो आणि जमिनीवर येत नाही. मी गाडीखाली पालथा पडून बॅटरी मारली, नातीला लोहचुंबक बांधलेला दोरा आत सोडायला सांगितलं. दोऱ्याला लागून एक जुना नट वर आला, पण तो माझा नव्हता. सासऱ्यांच्या काळात कुणाच्या तरी हातून सुटलेला असावा. मी तोच वापरला.

सुटे भाग ठेवायला फराळाचं मोठं ताट घेतलं. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून पेट्रोलनेच धुवायला बसलो. आणि इथे मला खरोखर आनंद झाला. जे मी इतकी वर्षं खडूने काढत आलो ते माझ्या तळहातावर होतं. ही कंबर. ही वाटी. हा पितळी तरंगता डबा, जो वर आला की सुई भोकात बसते आणि पेट्रोल थांबतं. आणि हा मुख्य जेट, करंगळीच्या नखाएवढा, पितळेचा, त्यावर बारीक आकडा कोरलेला. तो आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. मी नातीला बोलावून हे सगळं समजावलं. तिने ‘पण आजोबा, कचरा कुठाय?’ असं विचारलं.

कचरा नव्हता. जेटमधून ट्यूबलाइट स्वच्छ गोल दिसत होती. पण एवढं उघडून काहीच सापडू नये हे मनाला पटेना. आत कुठेतरी पातळ थर बसला असेल, डोळ्याला दिसत नसेल. सौभाग्यवतींच्या बांगडीला सेफ्टी पिन असते ती मागून घेतली आणि जेटमध्ये घालून फिरवली. पोलादी पिन, मऊ पितळ. थोडासा चकचकीत भुगा ताटात पडला. बघा, मी म्हणालो, निघाला कचरा.

मग सायकलच्या पंपाने भोकाभोकांतून हवा मारली. ॲक्सिलरेटर पंपाच्या वाटेवर मोहरीपेक्षा जराशी मोठी एक पोलादी गोळी असते. पेट्रोल पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती तिथे आहे हे मला ती टुणकन बाहेर आली तेव्हा कळलं. ताटाच्या काठावरून तिने एक फेरी मारली, फरशीवर आली, आणि आम्ही तिघंही बघत असताना मोरीच्या जाळीतून खाली गेली. मल्याळी माणसाचा व्हिडिओ मी पुन्हा लावून बघितला. त्याने ती गोळी काढून सरळ खिशात घातली होती. मी मघाशी तो भाग पुढे ढकलला होता.

कार्बोरेटर परत बसवताना खालचं गॅस्केट फाटलेलं निघालं. रविवार, दुकानं बंद. पण गॅस्केट म्हणजे शेवटी नीट कापलेला जाड कागद, आणि जाड कागदाची महाराष्ट्रात टंचाई नाही. एका नातेवाइकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मिळाली, चांगली मखमली, दुपदरी. कार्बोरेटरचं बूड तिच्यावर ठेवून पेन्सिलीने आखलं, कातरीने कापलं, बोल्टची भोकं पंचने पाडली. माझ्या मते त्या दिवसातलं ते सर्वांत सुबक काम होतं.

इथवर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हात काळे झालेच आहेत तर प्लगही साफ करावेत, असा विचार आला. चार वायरी एकदम उपटल्या. प्लग घासले, फट मोजली, बसवले. आणि मग चार सारख्या काळ्या वायरी हातात घेऊन उभा राहिलो. कुठली कुठे होती?

चार वायरी चार जागी बसवायचे चोवीस प्रकार असतात. हे मी लगेच काढलं. इंजिनमधली ठिणगी एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने पडते हेही मला तोंडपाठ. फक्त डिस्ट्रीब्युटरमधला फिरकी हात घड्याळाच्या दिशेने फिरतो की उलट, आणि एक नंबर कुठून मोजायचा, या दोन गोष्टी फळ्यावर कधी काढल्या नव्हत्या. म्हटलं, करून बघू. पहिल्या रचनेला इंजिन नुसतं थरथरलं. दुसरीला घोड्यासारखं खिंकाळलं. त्यापुढच्या कुठल्यातरी रचनेला, एअर फिल्टर अजून बसवलेला नसताना, कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर निळी ज्वाळा आली आणि असा बार उडाला की गल्लीतल्या तीन घरांनी टीव्ही लावला. त्यांना वाटलं, भारत जिंकला. माझ्या उजव्या भुवईचे केस कमी झाले. ते मला आरशात दिसले नाहीत. आरसा मी घट्ट केला होता, तो माझ्याकडे वळत नव्हता.

शेवटी जमलं. इंजिन चारही सिलिंडरवर चालू लागलं. मी विजयी मुद्रेने दाराकडे बघितलं. सौभाग्यवती पदर नाकाला लावून उभ्या होत्या. मागच्या नळीतून काळाभोर धूर निघून शेजाऱ्यांच्या वाळवणावर चालला होता. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी गुदमरायचं, मग विचार करायचं, मग धावायचं. पाय काढला तरी रेस काही उतरत नव्हती. ‘आधी निदान धूर तरी नव्हता,’ त्या म्हणाल्या.

आणि ताटात एक स्प्रिंग उरली होती. ती कुठली हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या मेस्त्रींना बोलावलं. वयस्कर माणूस, खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. बोनेट उघडलं, इंजिन ऐकलं, फिल्टर काढला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले,

‘कुणी उघडलाय ह्यो?’

‘मीच.’

‘का?’

‘म्हटलं कचरा असेल.’

‘हुता?’

‘नव्हता.’

‘मग आता हाय.’

त्यांनी तो मागचा नट, ज्याने माझा अर्धा रविवार खाल्ला, वाकवलेल्या पान्याने निम्म्या मिनिटात काढला. जेट डोळ्याजवळ धरला. ‘ह्यात पिन घातलीसा?’ मी कबूल केलं आणि सांगितलं की हलकेच घातली, कारण जेटचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो हे मला ठाऊक होतं. मेस्त्रींनी मान डोलावली. ‘मग पिन कितव्या नंबरची हुती?’

गॅस्केट त्यांनी उलटसुलट करून बघितलं. मखमली कागदावर सोनेरी अक्षरांतली अर्धी ओळ शिल्लक होती. त्यांनी ती बोट ठेवून वाचली: ‘...अगत्य येण्याचे करावे.’ माझ्याकडे बघितलं. ‘मग हवा येणारच की वो सर.’

बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी दुसरा जेट काढला, तसलीच एक गोळी काढली, खऱ्या गॅस्केटच्या शीटमधून तुकडा कापला. पॉइंट साफ केले, टायमिंग लावलं, स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा मागे घेतला आणि कान देऊन इंचाइंचाने जुळवत राहिले, इतके की इंजिनवर उभा ठेवलेला पेला हलेना. संध्याकाळपर्यंत गाडी मी हात लावण्यापूर्वी जशी होती तशी झाली.

म्हणजे दमेकरी.

‘चला, बघूया कुठं बंद पडती,’ मेस्त्री म्हणाले आणि शेजारी बसले. सकाळीच टाकी फुल केली होती, त्यामुळे केर्लीही आली नाही. वडणगे फाट्याच्या थोडं पुढे आचके सुरू झाले. मी सवयीने ओलं फडकं काढलं. मेस्त्रींनी ते बाजूला ठेवायला लावलं आणि विचारलं, टाकी अर्धी असली की काय होतं? मी वहीतली नोंद सांगितली. अर्धी असली की लांब जाते. ‘आन् हितं दहा मिन्टं थांबलं की?’ होते सुरू. ‘काय न करता?’ हे मी कधी करूनच बघितलं नव्हतं.

ते उतरून सरळ मागे गेले. टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्सऽऽ.

लांब, सविस्तर. एवढी हवा आत गेली की बाजूच्या उसातून एक कुत्रं उठून बघू लागलं. मेस्त्रींनी दोन बोटांत धरून चौपदरी पिशवी बाहेर काढली, झटकली, उजेडात धरली. तिच्यावरचा गाईचा फोटो अजून शाबूत होता.

‘सर, हिला श्वास कुठनं घ्यायचा?’

झाकणाला एक बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल इंजिन पितं तेवढी हवा त्या भोकातून टाकीत जाते. भोक बुजलं की आतला दाब उतरत जातो, आणि पंपाचा तो बिचारा पडदा टाकीतल्या पोकळीविरुद्ध पेट्रोल ओढू शकत नाही. टाकी भरलेली असेल तर वर हवेला जागा थोडी, म्हणून थोडं पेट्रोल गेलं तरी दाब झपाट्याने पडतो. अर्धी असेल तर सावकाश. हा सरळसरळ बॉइलचा नियम, १६६२ सालचा. दहा मिनिटांत कुठून तरी फटीतून हवा झिरपते, गाडी सुरू होते आणि श्रेय त्या वेळी जो जवळ उभा असेल त्याला, फडक्याला किंवा जोतिबाला मिळतं. फाटकात उभ्या गाडीत पेट्रोल इतकं कमी जळतं की झिरपलेली हवा पुरते, म्हणून घरी काही नाही. पोकळी किती ओढते हे सांगताना मी वर्गात माग्देबुर्गचे ते दोन अर्धगोल काढायचो, ज्यांना दोन्हीकडून घोडे जुंपले तरी ते सुटत नव्हते. घोडेही काढायचो. हे सगळं मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, मेस्त्रींना सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

‘व्हय,’ ते म्हणाले, ‘त्येच. पिशवी काढली की झालं.’

पन्हाळ्यापर्यंत गाडी एका दमात गेली. तीन दरवाजापाशी मेस्त्रींनी चहा घेतला, परतताना स्वतः चालवली आणि उतरताना बिलाचा कागद दिला. पिशवी काढल्याचे पैसे त्यांनी लावले नव्हते. जेट, गोळी, गॅस्केट, प्लगची वायर आणि दिवसभराची मजुरी, सगळं बिल मी केलेल्या दुरुस्तीचं होतं. वास येऊ नये म्हणून झाकणाला नवं रबर बसवून दिलं, त्याचे वीस रुपये वेगळे.

तुमच्याकडे कार्बोरेटरची जुनी गाडी असेल, थोडं अंतर नीट जाऊन बंद पडत असेल आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल, तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. फुस्स असा आवाज आला तर कार्बोरेटरला हात लावू नका. नाही आला तरी लावू नका.